शिबं आधी जातात, रंग मागाहून येतो

या आठवड्याचं पत्र एका भरतीवाल्या पोराचं आहे. थोडं आखडतं करून देते.

"डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी २१ वर्षांचा आहे, गाव भिवापूरकडचं. दीड वर्षापासून मानेवाड्यात चार पोरं मिळून रूम करून राहतो. पोलीस भरतीची तयारी सुरू आहे. पहाटे रनिंग, मग गोळा, मग तेल लावून मालिश, आंघोळ आणि दिवसभर अभ्यासिका. उन्हाळ्यात छातीवर आणि पाठीवर पांढुरके ठिपके दिसायला लागले. आधी दोन-चार होते, आता मानेपासून खांद्यापर्यंत नकाशा झाला आहे. खाज फारशी नाही, घाम आला की थोडं चुणचुणतं. रूमवरची पोरं म्हणतात, बे तुला कोड झालं. एकानं आपली गादी माझ्या बाजूची उचलून दुसऱ्या भिंतीला टाकली. आईला फोनवर सांगितलं तर ती रडायला लागली. म्हणते, दूध अन् मासोळी एकाच दिवशी खाल्ली असशील. मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली, दाद-खाज सगळ्याला चालते म्हणाला. लावली की आठ-दहा दिवस बरं वाटतं, सोडली की परत. आता तिसरी ट्यूब सुरू आहे, डाग पांढरे ते पांढरेच. एका सीनियरनं गोळी सांगितली, ती खाऊन घाम निघेपर्यंत पळायचं म्हणे. खाऊ का? मैदानी चार महिन्यांवर आली आहे. छाती मोजताना सगळ्यांसमोर शर्ट काढावा लागतो, त्याचंच टेन्शन आहे. हे कोड आहे का महारोग? बाबांच्या मानेवर पण मागं असंच काही होतं म्हणतात. आणि आई म्हणते जुने बनियन जाळून टाक. जाळू का?"

बाबू,

मोठ्या प्रश्नाचं उत्तर आधी. तू पाठवलेल्या फोटोंत मला जे दिसतं ते कोडासारखं दिसत नाही, महारोगासारखंही दिसत नाही. ती शिबं वाटतात. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायकांना पोराचा सदरा वर करताच ती ओळखू यायची. "शिबं आली याला" एवढं म्हणायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या. मधल्या काळात हा शब्द कुठं हरवला कोण जाणे. आता पाठीवर पांढरं दिसलं की घरात पहिला शब्द निघतो तो 'कोड', आणि मग कोणाची आई रडते, कोणाची गादी दुसऱ्या भिंतीला जाते.

फोटोवरून पक्कं निदान करू नये, हे मीच सगळ्यांना सांगत असते. म्हणून तुला एक काम देते. उद्या आंघोळीच्या आधी, अंग कोरडं असताना, खिडकीजवळ उभा राहा. जिथं ट्यूब लावलेली नाही असा छातीवरचा एक डाग निवड. दोन बोटांनी आजूबाजूची कातडी ताण आणि दुसऱ्या हाताच्या नखानं डागावरून हलकेच एक रेघ ओढ. शिबं असतील तर त्या रेघेवर बारीक पिठी उठते, कणीक चाळताना परातीच्या काठावर बसते तशी भुरकट. मग डागाच्या बाहेर, चांगल्या कातडीवर तशीच रेघ ओढून बघ. तिथं नुसती रेघ उमटेल. आंघोळीनंतर हा खेळ फसतो, कारण पिठी धुऊन गेलेली असते.

आम्ही ओपीडीत पहिल्यांदा हेच करतो, मशीनबिशीन नंतर. चरकसंहितेत 'सिध्म' म्हणून एक त्वचारोग सांगितला आहे: पांढरट किंवा तांबूस, पातळ, घासला की धूळ सोडणारा, दुधीभोपळ्याच्या फुलाच्या रंगाचा आणि बहुतेक करून छातीवर येणारा. शिबांचं याहून नेमकं वर्णन मी अजून वाचलेलं नाही. त्या वैद्यानंही नख लावूनच पाहिलं असणार.

कोड वेगळं दिसतं. ते दुधासारखं पांढरंफेक असतं, किनार स्पष्ट असते, पिठी निघत नाही आणि पुष्कळदा डागातले केसही पांढरे होतात. बोटांची टोकं, ओठ, डोळ्यांच्या कडा, गुडघे, या त्याच्या आवडत्या जागा. शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते, म्हणून तिथला रंग जातो. दूध आणि मासोळीचा त्यात काडीचा संबंध नाही. आईला सांग, बंगालपासून कोकणापर्यंत मासे खाणारी एवढी माणसं आहेत, ती सगळी पांढरी झाली असती. आणि हेही त्या गादीवाल्या मित्राला वाचून दाखव: तुला कोड झालं असतं, तरी गादी हलवायचं कारण नव्हतं. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही.

महारोगाची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या भागात ती उगाच आलेली नाही. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याला महारोगी सेवा समिती काढली ती इथं रुग्ण होते म्हणूनच, आणि विदर्भात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात. त्याचे चट्टेही फिकट असतात, त्यामुळे शंका आली की तपासून मोकळं व्हावं. खूण सोपी आहे. डोळे मिटून बस. मित्राला कापसाचा बोळा टोकदार करून कधी डागावर, कधी डागाबाहेर नुसता टेकवायला सांग, घासायचा नाही. जिथं टेकला तिथं तू बोट ठेवायचं. प्रत्येक वेळी बोट बरोबर जागी गेलं तर ठीक. एखाद्या डागावर तुला काही कळलंच नाही, किंवा तो डाग कोरडा राहतो, तिथं घाम येत नाही, केस गळालेत असं दिसलं, तर घरी बसून राहू नकोस. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो. तुझ्या फोटोत बारके बारके पन्नासेक ठिपके आहेत, खांद्याच्या फऱ्यांवर एकमेकांत मिसळलेले. महारोगाचं रूप सहसा असं नसतं. तरी कापसाची परीक्षा कर, म्हणजे रात्री झोप लागेल.

आता शिबं म्हणजे काय, ते. मॅलासेझिया नावाची एक बुरशी आहे, यीस्टच्या जातकुळीतली. ती तुझ्या पाठीवर आहे, माझ्या पाठीवर आहे आणि गादी हलवणाऱ्याच्या पाठीवरही आहे. लहानपणापासून प्रत्येकाच्या कातडीवर ती गुमान राहते. अंगातल्या तेलावर जगते आणि कोणाला त्रास देत नाही. पण उकाडा, घाम आणि तेल तिन्ही एकदम मिळालं की ती रूप बदलते. गोल दाण्यासारखी असते, तिला आखूड दोरे फुटतात आणि ती कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरात पसरते. डागावरची पिठी काचपट्टीवर घेऊन पोटॅशचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की हे दोरे आणि दाणे एकत्र दिसतात. इंग्रजी पुस्तकात त्याला एका इटालियन जेवणाची उपमा दिली आहे. ती वर्षानुवर्षं पोरांना पाठ करायला लावतात. मी शेवया आणि साबुदाणा सांगते, लगेच लक्षात राहतं.

या डागांमागं बुरशी आहे हे आइखश्टेट नावाच्या जर्मन डॉक्टरानं १८४६ सालीच ओळखलं. पुढं तिच्या एका जातीला 'फरफर' हे नाव पडलं. लॅटिनमध्ये फरफर म्हणजे धान्याचा कोंडा. आपण डोक्यातल्या खवल्यांनाही कोंडाच म्हणतो, आणि गंमत म्हणजे डोक्यातल्या कोंड्यामागंही हीच मंडळी असतात. तुझ्या डोक्यात कोंडा आहे का, ते पत्रात लिहिलेलं नाहीस. असेल तर पाठीबरोबर डोक्याचाही इलाज करावा लागेल, नाहीतर वरून खाली पुरवठा सुरूच राहील.

डाग पांढरे का, तर ही बुरशी अशी आम्लं सोडते की रंग तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. पेशी मेलेल्या नसतात, फक्त हात आखडता घेतात. त्यात तू पहाटेपासून ऊन चढेपर्यंत मैदानावर असतोस. आजूबाजूची कातडी रापते, डाग रापत नाहीत, आणि फरक डोळ्यात भरतो. उन्हाळ्यात एकाएकी आल्यासारखे वाटले ते यामुळं. बहुधा होळीच्या आधीपासूनच असतील. सगळ्यांना पांढरेच येतात असंही नाही, कोणाला गुलाबट येतात, कोणाला तपकिरी. वैद्यकातल्या त्याच्या नावातच 'रंग बदलणारा' असा शब्द आहे.

आता तुझ्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी थांबले. तू सहज लिहून गेलास: 'तेल लावून मालिश'. सापडलं बघ. माणसाच्या अंगावरच्या या बुरशीला स्वतःची चरबी तयार करता येत नाही, तिला बाहेरून तेल लागतं. प्रयोगशाळेत तिला वाढवायचं तर वरून ऑलिव्ह ऑइल ओतायची जुनी रीत आहे. म्हणजे प्रयोगशाळेत आम्ही जे मुद्दाम करतो, ते तू रोज सकाळी आपल्या पाठीवर करत होतास. घामेजलेल्या अंगावर खोबरेल, त्यावर टेरिकॉटचा घट्ट बनियन आणि मग अभ्यासिकेत दहा तास खुर्चीला टेकलेली पाठ. एवढी खातिरदारी झाल्यावर कोण हलेल?

मालिश बंद कर. पोटऱ्या आणि मांड्या चोळायच्या असतील तर चोळ, तिथं शिबं सहसा येत नाहीत. छाती, पाठ, मान, खांदे आणि दंड यांना तेल नको. डोक्याला चपचपून तेल लावून झोपतोस का? तेच उशीवरून मानेवर उतरतं. पळून आलास की ओल्या बनियनवर गप्पा मारत बसू नको, आधी तो काढ, अंग पुस. सुती, सैल बनियन घे. आणि तुमचा कूलर. मे महिन्यात नागपूरची हवा इतकी कोरडी असते की कूलरशिवाय जगणं नाही, ते मला माहीत आहे. पण पाऊस लागल्यावरही पोरं पंप चालूच ठेवतात आणि खोलीत सगळं चिकचिकीत होऊन बसतं. भिंतींना वास सुटतो, टॉवेल दोन दिवस वाळत नाही. पाणी काढून टाका आणि नुसता पंखा चालवा.

एवढं सगळं तुझे तिघं मित्रही करत असतील आणि त्यांना काही झालं नसेल, असं तू म्हणशील. बरोबर आहे. शिबांची प्रवृत्ती घराण्यात असते. बाबांच्या मानेवर 'असंच काही' होतं ते बहुधा हेच. शिवाय १५ ते ३० या वयात कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जोरात असतात, म्हणून ही दुखणी याच वयात. ती घाणेरडेपणानं येत नाहीत. दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही येतात.

आता त्या ट्यूबबद्दल. (नागपुरात मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान आणि मेडिकल म्हणजे मोठा सरकारी दवाखानाही. तू पहिल्या मेडिकलला गेलास, दुसऱ्या मेडिकलला जायला हवं होतं.) ट्यूबचं खोकं उलटून बारीक अक्षरं वाच. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादा शब्द दिसला तर ते स्टेरॉइड आहे. या ट्यूबांत स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि वर एखादं अँटिबायोटिक अशी खिचडी असते. स्टेरॉइडनं चुणचुण आणि लाली लगेच बसते, म्हणून 'बरं वाटतं'. बुरशीला मात्र त्यानं मोकळं रान मिळतं. सोडलं की ती दामदुप्पट वसूल करते. फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते, काखेत आणि जांघेत पट्टे उमटतात. आणि तुझ्या दृष्टीनं सगळ्यात वाईट म्हणजे स्टेरॉइडनं स्वतःच कातडी फिकट पडू शकते. डाग जावा म्हणून लावायचं आणि त्यानंच डाग करायचा.

माझ्याकडं मागं कळमन्याच्या मंडीत संत्र्याच्या पेट्या उचलणारा एक गडी आला होता. प्लास्टिकच्या पिशवीत सहा रिकाम्या ट्यूबा घेऊन. त्यानं त्या टेबलावर ओळीनं मांडल्या, किंमती सांगितल्या, आणि म्हणाला, "मॅडम, यातली कोणती खरी?" सहाही एकाच बापाची लेकरं होती, नावं तेवढी वेगळी. त्याची शिबं साध्या शांपूनं आठवड्यात आटोपली. काखेतले पट्टे मात्र गेले नाहीत.

म्हणून औषध साधं आहे, आणि त्याचं नाव ऐकून तुला हसू येईल. अंगाला शांपू लावायचा. कीटोकोनाझोल २ टक्के असलेला, कोंड्यासाठी मिळतो तोच. अंग ओलं करायचं, मानेपासून कमरेपर्यंत आणि दंडांवर, डाग असलेल्या आणि नसलेल्या सगळ्या कातडीवर त्याचा फेस करायचा, घड्याळ लावून पाच मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा. दिवसातून एकदा, सलग पाच दिवस. फक्त डागांवर लावणारे फसतात, कारण न दिसणाऱ्या जागीही बुरशी पसरलेली असते. दुसरा पर्याय सेलेनियम सल्फाइड २.५ टक्क्यांचा. तो दहा मिनिटं ठेवायचा, सात दिवस. त्याला वास येतो आणि चांदी काळी पडते, हातात कडं असेल तर काढून ठेव. यातला कुठलाही शांपू डोळ्यांत जाऊ देऊ नको. डाग चार-दोनच असते तर नुसत्या क्लोट्रिमाझोल मलमावर भागलं असतं, पण अख्ख्या पाठीला मलम पुरणार नाही आणि परवडणारही नाही.

पाठीच्या मधोमध तुझा हात पोचणार नाही. तिथं फेस लावायला त्या गादीवाल्यालाच सांग. त्यालाही कळेल की हात लावून काही होत नाही.

सीनियरनं सांगितलेल्या गोळीची कथा जुनी आहे. पूर्वी कीटोकोनाझोलची गोळी देऊन घाम यायला लावत, म्हणजे औषध घामातून कातडीवर येईल. त्यामागचा विचार चूक नव्हता. पण ती गोळी यकृताला इजा करू शकते हे दिसल्यावर कातडीच्या दुखण्यासाठी ती देणं बंद झालं. २०१३ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी तसा स्पष्ट इशारा दिला. सीनियर भरती झाला असेल, पण ती त्या गोळीमुळं नव्हे. आज गरज पडली तर फ्लुकोनाझोल किंवा इट्राकोनाझोल देतात, तेही तुला काविळीचा इतिहास आहे का, दुसरं कोणतं औषध सुरू आहे का, हे विचारून. आणखी एक गोळी पोरं आपापसांत वाटतात ती टर्बिनाफिनची. गजकर्णात ती चालते, शिबांवर पोटातून घेऊन उपयोग होत नाही. दोन्ही बुरश्याच, पण गजकर्ण गोल, कडेला लाल, खाजून जीव नकोसा करणारं आणि टॉवेलवरून पसरणारं. ते खोलीत कोणाला असेल तर टॉवेल नक्की वेगळे करा.

घरगुती उपायांत लसूण घासू नकोस, कातडी भाजते आणि पांढऱ्या डागाच्या जागी काळा येतो. लिंबू चोळून उन्हात तर मुळीच नको. कोणी तरोट्याचा, म्हणजे टाकळ्याचा, पाला सांगेल. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी भाजी कर, लसणाची फोडणी दे आणि भाकरीबरोबर खा. पाठीवर नको. सावजी बंद करायची गरज नाही. तिनं घाम फुटतो, शिबं नाही.

आणि आता ज्यासाठी हे सगळं पत्र लिहायला घेतलं ते. सहाव्या दिवशी तू आरशात बघशील आणि डाग तसेच पांढरे दिसतील. इथंच माणसं चुकतात. 'औषध लागू पडलं नाही' म्हणून कोणी चौथी ट्यूब आणतो, कोणी दुसऱ्या डॉक्टरकडं जातो, कोणी गोळ्यांचा डोस वाढवतो. बुरशी गेलेली असते, पण रंगाला ते कळायला वेळ लागतो. मंदावलेल्या पेशी पुन्हा कामाला लागणार, रंग तयार करणार, तो वरच्या थरापर्यंत चढणार, आजूबाजूच्या रापलेल्या कातडीशी जुळणार. याला दोन-तीन महिने सहज जातात, कधी त्याहून जास्त. औषध वाढवल्यानं ते लवकर होत नाही.

मग बुरशी गेली हे ओळखायचं कसं? रंगाकडं बघायचंच नाही. तीच खिडकी, तीच कातडी ताणणं, तीच नखाची रेघ. पिठी उठली नाही, तर तुझं औषध संपलं. डाग कितीही पांढरा दिसो. दोन आठवड्यांनी पुन्हा बघ. पिठी उठत असेल, तर मात्र औषध पुरेसं झालं नाही. मेडिकल किंवा मेयो, नागपुरातल्या या दोन्ही सरकारी दवाखान्यांपैकी एकाच्या त्वचारोग विभागात सकाळच्या ओपीडीला जा. तिथं अंधारात एका जांभळ्या दिव्याखाली धरतात, शिबं पुष्कळदा पिवळट सोनेरी चमकतात. कोड असेल तर निळसर पांढरं दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे.

तुझ्या हातात चार महिने आहेत. या आठवड्यात सुरुवात केलीस तर मैदानीपर्यंत बराचसा रंग भरलेला असेल. सगळा भरेल असा शब्द मी देत नाही. छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त, हे तुला माझ्यापेक्षा पाठ असेल. टेप धरणाऱ्याचं लक्षही त्या आकड्यावरच असतं. तरी त्वचारोगाच्या डॉक्टरकडून निदान आणि इलाज लिहिलेला कागद घेऊन फाइलमध्ये ठेव. वैद्यकीय तपासणीला कोणी विचारलंच तर तोंडानं सांगत बसण्यापेक्षा कागद बरा. आणि खरं सांगू? त्या रांगेत उघड्या अंगानं पंचवीस पोरं उभी असली की त्यातल्या एक-दोघांच्या पाठीवर तुला हीच शिबं दिसतील. आता तुला ती ओळखता येतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात घाबरून पत्र लिहिणार नाहीस. शिबं परत येतात. बुरशी अंगावर कायमची वस्तीला आहे, तिला हाकलता येत नाही, आटोक्यात ठेवता येतं. मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत महिन्यातून एकदा तोच शांपू पाच मिनिटं अंगाला लाव, एवढं पुष्कळांना पुरतं. वर्षातून तीन-चारदा उसळायला लागली, किंवा डाग एकाएकी फार पसरले, तर साखर तपासून घे आणि आम्हाला भेट.

आईला आज संध्याकाळी फोन कर. "शिबं आहेत" एवढंच म्हण. तिला हा शब्द माहीत असेल, नसला तर तुझ्या आजीला असेल, आणि घरातलं अर्धं रडणं तिथंच थांबेल. बाबांनाही विचार, त्यांचं कसं गेलं होतं. बहुधा ते म्हणतील, आपोआप गेलं. हिवाळ्यात पुष्कळदा फिकी पडतात, म्हणून तसं वाटतं.

राहिले बनियन. जाळू नकोस. निरमा टाकून धू, गच्चीवर पालथे करून टाक, चांगले कडक वाळव. मात्र तो टेरिकॉटचा जाळीवाला, जो फोटोत खुर्चीवर टांगलेला दिसतो, त्याची गाडी पुसायला चिंधी कर.